यंत्र विकत, आज्ञावली परवान्यावर

जमीन खरेदी करताना शेतकरी किती सावध असतो, हे सर्वांस ठाऊक आहे. सातबाऱ्याचा उतारा तो स्वतः काढून आणतो, फेरफार पाहतो, बांधावर उभे राहून चतुःसीमा पडताळतो, विहिरीत हिस्सा किती व वाट कोणाच्या शेतातून जाते हे विचारून घेतो. आणि खरेदीखत वाचून घेतल्याखेरीज त्यावर सही करीत नाही. परंतु तोच शेतकरी लाखो रुपयांचा ट्रॅक्टर, फवारणीचे ड्रोन अथवा सौर पंपाचा कंट्रोलर घरी आणतो, तेव्हा पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत उमटलेल्या मजकुराखालचे संमतीचे बटण क्षणार्धात दाबून मोकळा होतो. त्या एका क्षणात एका करारावर आपली सही झाली, याची त्यास जाणीवही नसते. या कराराकडे खरेदीखताइतक्याच गांभीर्याने पाहण्याची वेळ आता आली आहे. तो पैसे देण्यापूर्वी आणि समजेल अशा भाषेत हाती पडला पाहिजे, असा आग्रह शेतकऱ्यांनी व त्यांच्या संस्थांनी धरणे अगत्याचे आहे.

यंत्राच्या पोटातील आज्ञावली

पूर्वीच्या इंजिनात बिघाड झाला तर तो कानाने ऐकू येई आणि हाताने दुरुस्त होई. आजच्या यंत्रात इंधन केव्हा व किती सोडावे, पंप केव्हा थांबवावा, ड्रोनने कोणत्या उंचीवर उडावे, हे ठरविण्याचे काम एक लहानसा संगणक करतो. कारखान्यातच त्याच्या स्मृतीत जी आज्ञावली भरलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयीचे अधिक कडक मानक लागू झाले. तेव्हापासून मोठ्या ट्रॅक्टरांत अशी विद्युत-नियंत्रित इंधनयंत्रणा रूढ झाली आहे. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ परदेशातील अवाढव्य यंत्रांपुरता राहिलेला नाही.

कायद्याच्या दृष्टीने आज्ञावली ही ग्रंथासारखी एक कृती आहे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानेही संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतींत केला आहे. पुस्तक विकत घेणारा त्याच्या कागदाचा मालक होतो. मजकूर छापून विकण्याचा हक्क त्यास मिळत नाही, आणि हे न्याय्यच आहे. परंतु पुस्तकाचा धनी समासात टिपणे करू शकतो, सुटलेली शिवण पुन्हा घालू शकतो, वाचून झाल्यावर ते दुसऱ्यास विकूही शकतो. फर्मवेअरचे अनेक करार ग्राहकास यातले काहीही करू देत नाहीत. लोखंड विकले जाते, परंतु ज्या आज्ञावलीवाचून ते लोखंड हलत नाही, ती केवळ वापरण्यापुरती, अटींवर दिली जाते. बैल विकत द्यावा आणि कासरा मात्र विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवावा, असा हा व्यवहार आहे.

अमेरिकेतील शेतकऱ्यांचा अनुभव

या व्यवहाराचे परिणाम अमेरिकेतील शेतकऱ्यांनी प्रथम भोगले. तेथे १९९८ च्या कायद्यान्वये आज्ञावलीवरील डिजिटल कुलूप उघडणे हा अपराध ठरला. शेतकऱ्यांनी दुरुस्तीपुरती सवलत मागितली, तेव्हा जॉन डिअर या कंपनीने २०१५ मध्ये प्रताधिकार कार्यालयापुढे अशी भूमिका मांडली की, ग्राहकास आज्ञावलीची मालकी मिळत नसून वाहनाच्या आयुष्यापुरता ते चालविण्याचा गर्भित परवाना मिळतो. त्याच वर्षी सरकारने शेतीच्या वाहनांसाठी दुरुस्तीची सवलत मान्य केली. परंतु कायद्याने उघडलेले हे दार कराराने पुन्हा लोटून घेतले. ऑक्टोबर २०१६ च्या आपल्या परवाना करारात कंपनीने आज्ञावलीत बदल करण्यास मनाई केली. आज्ञावलीतील दोषामुळे पिकाचे नुकसान झाले, नफा बुडाला अथवा यंत्र बंद पडून राहिले, तरी त्याची जबाबदारी कंपनीवर नाही, असेही त्यात नमूद केले. यंत्र सुरू करून वापरणे हीच कराराला संमती मानली गेली.

याचा अर्थ शेतात काय झाला? मळणीच्या ऐन दिवसांत एखादा संवेदक बिघडला, शेतकऱ्याने तो स्वतः बदलला, तरी अधिकृत तंत्रज्ञ येऊन आपल्या संगणकाने नव्या भागास मान्यता देईपर्यंत काही यंत्रे पूर्ववत चालेनात. पाऊस मात्र तंत्रज्ञाची वाट पाहत नाही. अगतिक झालेल्या काही शेतकऱ्यांनी पूर्व युरोपातून आलेल्या, कुलूप फोडलेल्या आज्ञावल्या मिळवून यंत्रे चालू केली, अशा बातम्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. यंत्रावर दुरून किती सत्ता चालू शकते, याचे प्रत्यंतर मे २०२२ मध्ये आले. युक्रेनमधील मेलितोपोल येथील विक्रेत्याकडून रशियन सैनिकांनी सुमारे ५० लाख डॉलर किमतीची शेतीयंत्रे पळवून नेली. ती शेकडो कोस दूर चेचन्यात पोहोचल्यावर दुरूनच बंद केलेली आढळली, असे वृत्त आले. चोराच्या हाती यंत्र बंद पडले याचा कोणासही आनंदच वाटेल. परंतु जो हात चोराचे यंत्र थांबवू शकतो, तोच हात धन्याचेही थांबवू शकतो, हे विसरता येत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये या कंपनीने अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन या शेतकरी संघटनेशी समजुतीचा करार करून दुरुस्तीची साधने व माहितीपुस्तिका शेतकऱ्यांस व स्वतंत्र कारागिरांस उपलब्ध करून देण्याचे मान्य केले. त्याच्या मोबदल्यात दुरुस्तीच्या हक्काचे कायदे व्हावेत म्हणून पाठपुरावा न करण्याचे संघटनेने कबूल केले. तथापि कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघ व्यापार आयोगाने इलिनॉय व मिनेसोटा या राज्यांसह कंपनीवर दावा दाखल केला. याच कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडी येथे आहे. महाराष्ट्रातील वाचकांनी ही हकीकत लांबची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये.

दुसरी बाजू

उत्पादकांचे म्हणणे सर्वस्वी निराधार आहे, असे मात्र समजू नये. आज्ञावली तयार करण्यास मोठा खर्च येतो व तिची नक्कल रोखणे हा त्यांचा वाजवी हक्क आहे. इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी आज्ञावलीत ढवळाढवळ केल्यास धूर वाढतो, यंत्राचे आयुष्य घटते आणि प्रसंगी अपघात होतो. ड्रोनची गोष्ट तर अधिक नाजूक आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ज्या नमुन्यास प्रमाणपत्र दिले जाते, त्यातील आज्ञावली परस्पर बदलली तर ते यंत्र त्या नमुन्याशी जुळत नाहीसे होईल. परंतु दुरुस्ती करणे निराळे आणि रचना बिघडविणे निराळे. दोहोंवर एकाच कलमाने बंदी घालणे म्हणजे उंदराच्या भयाने धान्याच्या कोठारास कायमचे कुलूप लावून किल्ली दुसऱ्या गावी ठेवण्यासारखे आहे.

भारतीय कायद्याची स्थिती

सुदैवाने भारतातील कायदा ग्राहकास अगदीच निराधार सोडीत नाही. बटण दाबून झालेला करार केवळ कागदावर नाही म्हणून रद्द ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ वरून स्पष्ट आहे. म्हणून ते बटण खेळ समजू नये. तथापि प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ आज्ञावलीच्या वैध धारकास काही गोष्टींची मुभा देते. नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत ठेवणे, आज्ञावलीच्या कार्याचे निरीक्षण व परीक्षण करणे, यांचा त्यात समावेश आहे. २०१२ मध्ये जोडलेल्या कलम ६५-अ नुसार डिजिटल कुलूप तोडणे हा गुन्हा आहे, परंतु त्यामागे प्रताधिकाराचा भंग करण्याचा हेतू असावा लागतो. अमेरिकेच्या कायद्याहून हा फरक महत्त्वाचा आहे.

ग्राहक म्हणूनही शेतकऱ्याचे स्थान भक्कम आहे. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना प्रथमच कायद्यात आणली आणि अशा कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची सोय केली. सदोष वस्तू वा सेवेबद्दलची तक्रार ग्राहक जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही करता येते. करारात लवादाचे कलम असले, तरी ग्राहक आयोगाची वाट त्यामुळे बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तेव्हा विचारार्थ घेतलेल्या क्षेत्रांत शेती अवजारांचा समावेश होता. असे असले तरी शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा मात्र देशात अद्याप झालेला नाही.

करार वाचताना काय पाहावे

सबंध करार वाचणे कठीण असले, तरी पुढील सहा गोष्टींची उत्तरे विक्रेत्याकडून पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावीत.

१. परवाना यंत्राबरोबर जातो काय? जुना ट्रॅक्टर विकताना आज्ञावलीचा परवाना नव्या धन्याकडे जात नसेल, तर यंत्राची किंमत घटते.

२. दुरुस्ती कोण करू शकतो? गावच्या कारागिराने सुटा भाग बदलल्यास यंत्र तो स्वीकारते काय, दोषांचे संकेतांक वाचण्याचे साधन मिळते काय, आणि हमी रद्द होते काय, हे विचारावे.

३. आज्ञावली दुरून बदलता येते काय? नवी आवृत्ती आपोआप येत असेल, तर ती पुढे ढकलण्याची सोय हवी. नव्या अटी केवळ वापर चालू ठेवल्याने मान्य झाल्या, असे कलम असल्यास त्याची नोंद घ्यावी.

४. नुकसानीची जबाबदारी किती? अनेक करारांत ती यंत्राच्या किमतीपुरती मर्यादित असते व पिकाची हानी वगळलेली असते.

५. शेताची माहिती कोणाकडे जाते? पेरणी, फवारणी व उत्पन्न यांच्या नोंदी कोण ठेवतो आणि कोणास देतो, हे कळले पाहिजे. युरोपीय संघात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने जोडलेल्या यंत्रांतील अशी माहिती मिळविण्याचा हक्क वापरणाऱ्यास दिला आहे.

६. कंपनीची सेवा बंद झाल्यास काय? मोबाइलवरून चालणारा कंट्रोलर कंपनीच्या दूरच्या संगणकावर अवलंबून असेल, तर तो संगणक बंद पडल्यावरही पंप हाताने चालू करता आला पाहिजे.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. प्रत्येक परवाना हक्क काढून घेणाराच असतो असे नव्हे. काही परवाने हक्क देणारेही असतात. अनेक ड्रोनांत वापरली जाणारी आर्डूपायलट ही आज्ञावली जीपीएल नावाच्या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिली जाते. अशी आज्ञावली घालून यंत्र विकणाऱ्याने तिचा मूळ मजकूरही ग्राहकास उपलब्ध करून देणे बंधनकारक असते. खरेदीपूर्वी ही चौकशी केल्यास पुढे दुसरा तंत्रज्ञ शोधणे सोपे जाते.

संस्थांचे कर्तव्य

एकट्या शेतकऱ्याने अटी बदलून मागितल्या, तर विक्रेता हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेल. परंतु भाड्याने अवजारे देणारी केंद्रे, सहकारी साखर कारखाने, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि ड्रोन चालविणारे महिला स्वयंसहायता गट यांची खरेदी मोठी असते. दरपत्रक मागविताना किमतीबरोबर परवाना कराराची प्रत व त्याचा मराठी गोषवारा मागण्याची पद्धत त्यांनी पाडावी. दुरुस्तीची माहिती व साधने वाजवी दरात किमान किती वर्षे मिळतील, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावे. शासकीय अनुदानातून होणाऱ्या खरेदीसही हीच अट असणे उचित होय. कारण जनतेच्या पैशाने घेतलेले यंत्र एका अटीपायी गोठ्याबाहेर गंजत पडणे कोणाच्याच हिताचे नाही.

असा प्रश्न देशापुढे पूर्वीही आला होता. बियाण्याच्या नव्या वाणांवर पैदासकाराचा हक्क मान्य करताना, २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याचा बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्कही अबाधित राखला; केवळ नाममुद्रेखाली बी विकण्यास मनाई केली. पैदासकाराची बुद्धी आणि शेतकऱ्याची वहिवाट या दोहोंचा मान राखता येतो, हे त्यावरून सिद्ध झाले. यंत्राच्या आज्ञावलीबाबत तीच न्यायबुद्धी दाखविणे अशक्य नाही. तोवर शेतकऱ्याने इतके तरी करावे: बटणावर बोट ठेवण्यापूर्वी, खरेदीखतावर सही करताना जो प्रश्न तो विचारतो, तोच येथेही विचारावा. यातून माझ्या नावावर नेमके काय होते, आणि काय होत नाही?