डिझेल गाडीला घरगुती एअर इनटेक : आवाज वाढतो, ताकद नाही; भुर्दंड मात्र इंजिनकामाचा

नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा एअर क्लीनर रोज उघडून बघणारे घर. धूळ किती साचली, ऑइल घट्ट झाले का, हे तपासल्याशिवाय ट्रॅक्टर शेतात जात नाही. त्याच घरासमोर उभ्या असलेल्या डिझेल कारचे फिल्टरचे खोके मात्र काढून टाकलेले असते. त्याजागी पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन क्लिपा आणि टोकाला ऑनलाइन मागवलेला शंकूसारखा फिल्टर. ‘गाडीचा श्वास मोकळा झाला, आता पिकअप बघा’ असे सांगणाऱ्या रील्स मोबाइलवर येतच असतात. काम अर्ध्या तासाचे, खर्च थोडका. पोरांना मोह होणारच. पण हिशेब मांडला तर हा सौदा तोट्याचा निघतो.

जुन्या गाड्यांवरच प्रयोग का?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल कार बंद केल्या. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा यांसारख्या गाड्यांत चालणारे फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिनही नव्या गाड्यांतून गेले. त्यामुळे गावात फिरणाऱ्या अशा छोट्या डिझेल गाड्या आता जुन्या झाल्या आहेत आणि अनेक तर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. चढाला गाडी दमते, पाच माणसे बसली की रडते. मग इलाज म्हणून इनटेकवर हात पडतो. दुखणे खरे असते, औषध चुकते.

डिझेलला हवा कमी पडत नाही

डिझेल इंजिन जवळपास कायम गरजेपेक्षा जास्त हवा घेऊन चालते. ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये डिझेल किती सोडले यावर, आणि ते ठरवतो गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू. शिवाय टर्बो असतोच, तो हवा दाबून आत ढकलतो. कंपनीचा फिल्टर स्वच्छ असेल तर पुढचे तोंड मोठे केल्याने ताकदीत कळण्यासारखा फरक पडत नाही.

उलट नुकसान होऊ शकते. कंपनीचे खोके बाहेरची थंड हवा ओढते. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की साधारण ३ टक्के पातळ होते. म्हणजे श्वास मोठा, पण त्यात दम कमी.

मग पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? कारण ते खोके सायलेन्सरचेही काम करते. ते निघाले की टर्बोची शिट्टी आणि हवेचा फुत्कार आत ऐकू येतो. कान फसतो, गाडी तेवढीच पळते.

खरा धोका धुळीचा

१,२४८ सीसीचे हे इंजिन २ हजार आरपीएमवर टर्बोचा दाब न धरताही मिनिटाला सुमारे १,२५० लिटर हवा ओढते. तासाला ७५ हजार लिटर. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्याने ट्रॉलीच्या मागे गाडी लागली तर या हवेतून धूळही तेवढीच येते.

ढिल्या क्लिपेतून किंवा हलक्या फिल्टरमधून ती धूळ आत गेली की आधी टर्बोच्या पात्यांवर आदळते. छोट्या टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. त्या वेगात बारीक कण पात्यांची धार खातात. पुढे तीच धूळ ऑइलमध्ये मिसळून लायनर आणि रिंगा पॉलिश पेपरसारखी घासते. गाडी ऑइल खाते, निळा धूर टाकते, कॉम्प्रेशन जाते. हे एका दिवसात कळत नाही. कळते तेव्हा इंजिन खोलावे लागते.

पाइप आणि सेन्सर

पीव्हीसी पाइप साधारण ७०-८० अंशांना मऊ पडतो. बॉनेटखाली तेवढी उष्णता सहज होते. सांधा सुटला की गाडी फिल्टरशिवाय चालू लागते आणि चालवणाऱ्याला पत्ताही नसतो.

हवा मोजणारा सेन्सर कंपनीच्या पाइपच्या मापावर बेतलेला असतो. माप बदलले की ईसीयूला चुकीचा आकडा जातो. तेल लावलेला फिल्टर असेल तर जास्तीचे तेल सेन्सरवर बसते. परिणाम काळा धूर, कमी एव्हरेज किंवा मीटरवर इंजिनचा दिवा.

थंड हवेसाठी फिल्टर खाली बंपरजवळ नेणाऱ्यांनी पावसाळा आठवावा. ओढ्याच्या फरशीवरून जाताना पाणी ओढले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत याची भरपाई बहुधा मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यानुसार परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. धूर किंवा आवाज ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला तर कलम १९० (२) खाली दंड १० हजारांपर्यंत जातो, लायसन्सही तीन महिन्यांसाठी अडकते.

मग पिकअपसाठी करायचे काय?

आधी फिल्टरचा कागद बदला. टर्बोपासून इंजिनपर्यंतचे रबरी होज चिरले आहेत का बघा. हवेची गळती हे पिकअप जाण्याचे नेहमीचे कारण आहे. काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह साफ करून घ्या. डिझेल फिल्टर वेळेवर बदला.

ज्यांनी जुगाड आधीच बसवला आहे, त्यांच्यासाठी एक साधी परीक्षा आहे. गाडी बंद करून फिल्टर काढा आणि त्याच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या पाइपमध्ये आतून पांढरे फडके फिरवा. फडक्यावर माती आली, तर ती इंजिनातही जातेच आहे. जुने खोके अजून अडगळीत पडले असेल तर त्याच दिवशी परत बसवलेले बरे.

अडीअडचणीला, रात्री-अपरात्री दवाखान्याला हीच गाडी निघते. ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरला जी काळजी मिळते, तेवढी तिच्या फिल्टरला मिळाली तरी पुरे.