इशारा स्वयंपाकघरापर्यंत पोचतो का?



मागच्या महिन्यात आमच्या शाळेत भूकंपाचा सराव झाला. घंटा वाजली, मुलं बाकांखाली शिरली, मग रांगेनं मैदानात आली. पाहुण्यांनी शाबासकी दिली. परतताना सहज खिचडीच्या खोलीत डोकावले, तर स्वयंपाकाच्या दोघी बाया आतच, शेगडी पेटलेली! "बाई, आम्हाला कुणी सांगितलंच नाही," एक म्हणाली. मी मुलांची हजेरी घेतली होती, पण या दोघी मलाही आठवल्या नव्हत्या. फार लाज वाटली.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? आपल्या शेजारच्या बांगलादेशाची हकीकत ऐका. तिथं (तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता) नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात निदान तीन लाख माणसं गेली. म्हणून १९७२ मध्ये रेडक्रॉसच्या पुढाकारानं किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांनाच प्रशिक्षण द्यायची योजना सुरू झाली. भोंगा कसा वाजवायचा, धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे कसे लावायचे, प्रथमोपचार कसे करायचे, हे सारं साध्या शेतकरी-कोळ्यांना शिकवलं.

तरीही १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं दगावली आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. का? इशारा गावात पोचला होता, पण घरातल्या बाईला उंबरठा ओलांडणं सोपं नव्हतं. 'हे' घरी नाहीत, विचारल्याशिवाय निघायचं कसं? पोरं, म्हातारी सासू, कोंबड्या कुणावर टाकायच्या? निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत बसायचं कसं? शिवाय पोहता येत नाही आणि पाण्यात साडी पायांत अडकते. वाचताना वाटलं, यातलं आपल्याला अनोळखी काय आहे?

पुढे तिथं निवारे वाढले आणि बायकांनाही स्वयंसेवक म्हणून शिकवलं जाऊ लागलं. बाई सांगायला आली की बाई ऐकते आणि निघते. २०२० पर्यंत स्वयंसेवक ७६ हजारांवर गेले, त्यांत निम्म्या बायका. त्याच वर्षी अम्फान वादळाआधी वीस लाखांहून अधिक माणसं सुरक्षित जागी हलवली आणि मृतांचा आकडा शंभराच्याही खूप आत राहिला.

अशा शिक्षणासाठी मोठ्या संस्थाही आहेत. बँकॉकला १९८६ पासून आशियाई देशांसाठी केंद्र आहे, दिल्लीत राष्ट्रीय संस्था आहे, आपल्या पुण्याच्या 'यशदा'तही हे प्रशिक्षण मिळतं. १९९३ साली किल्लारीनं आपल्याला दाखवलंच आहे की संकट पहाटे, झोपेतही गाठतं. पण तिथं शिकून आलेले साहेब आपल्या ओट्यापर्यंत थोडेच येणार? आणि नुसतं पुस्तक वाचून का पुरणपोळी जमते? हात बसावा लागतो.

तेव्हा या रविवारी जेवणं आटोपली की घरातल्या सगळ्यांना, कामाच्या मावशींनासुद्धा, घेऊन बसा. हादरे बसले तर शेगडीचं बटण हाताशी असेल तरच बंद करायचं, मग भक्कम टेबलाखाली बसून डोकं झाकायचं. थांबल्यावर जिन्यानं बाहेर, लिफ्टनं नाही. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. सासूबाईंना कोण धरणार, धाकट्याला कोण उचलणार, बाहेर कुठे भेटायचं, हे ठरवा. महत्त्वाचे कागद, औषधं, बॅटरी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. आणि मुख्य म्हणजे, 'धोका दिसला तर कुणाची वाट न बघता, न विचारता निघायचं,' हे सगळ्यांसमक्ष ह्यांच्या तोंडून वदवून घ्या.

एकदा करून बघा. घरचे हसतील, हसू द्या.

आमच्या शाळेत पुढच्या सरावाची पहिली सूचना आता खिचडीच्या खोलीत जाणार आहे. ते काम मीच मागून घेतलंय.