जड लांकूड आणि मुकें लांकूड

ज्या तबकड्या १९९० च्या सुमारास माळ्यावर गेल्या, त्या आतां पुन्हा खालीं उतरूं लागल्या आहेत. घरांतील तरुण मंडळी त्यांच्यासाठीं नवीं यंत्रें आणितात, आणि हिराबाईंचा किंवा भीमसेनांचा आवाज दिवाणखान्यांत पुन्हा घुमतो, याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु यंत्रामागोमाग त्याच्या बैठकीचा प्रश्न येतो, आणि त्या बाबतींत एक समजूत फार बळावली आहे. यंत्र ज्या मांडणीवर ठेवावयाचें ती जितक्या जड लांकडाची, तितका आवाज निर्मळ, असें हे शौकीन समजतात. मग सागवान त्यांस हलकें वाटतें. ब्राझीलचें ईपे, आफ्रिकेंतील बुबिंगा, निदान आपली शिसव तरी पाहिजे, असा आग्रह धरला जातो.

तबकडीवरील खोबणीची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास असते. तिच्या भिंतींवर गाण्याचीं जीं नागमोडी वळणें कोरलेलीं असतात, त्यांतील बारीक वळणें मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान असतात. सुईस तीं वाचावयाचीं असतात. अशा वेळीं कोणी धाडधाड पावलें टाकीत माडीवरून गेलें, किंवा स्पीकरच्या आवाजानेंच मांडणीची फळी थरथरली, तर सुईस तेंही गाणेंच वाटतें आणि तें ती इमानानें पुढें पाठविते. म्हणून बैठक स्थिर असावी ही मागणी अगदीं योग्य आहे. पातळ फळी स्पीकरसमोर तबल्याच्या पुडीप्रमाणें हलते. जाड आणि जड फळी तितक्या सहज हलत नाहीं. येथपर्यंत शौकिनांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

घोटाळा पुढें होतो. आपल्या जुन्या तर्कग्रंथांत शिंशपेवरून वृक्षाचें अनुमान करण्याचें एक उदाहरण येतें. शिंशपा म्हणजे शिसवीची सख्खी बहीण, शिसम. ज्या अर्थी ही शिंशपा आहे, त्या अर्थी हा वृक्ष आहे. कारण शिंशपा असून वृक्ष नाहीं असें कोठेंच आढळत नाहीं. परंतु 'ही फळी जड आहे, त्या अर्थी ती मुकी आहे' हें अनुमान मात्र टिकत नाहीं. येथें हेतु व्यभिचारी आहे. देवळांतील घंटा काय हलकी असते?

आणि घंटेपर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. मध्य अमेरिकेंत मारिंबा नांवाचें वाद्य आहे. आपल्याकडील काष्ठतरंगाप्रमाणें त्यांत लांकडाच्या पट्ट्या काठीनें वाजवितात. उत्तम मारिंबाच्या पट्ट्या होंडुरासच्या शिसवीच्या करितात. कां? तर आघात केल्यावर तिच्यांतील कंप लवकर विरत नाहीं, सूर लांबतो. म्हणजे वाद्य करणारा ज्या गुणासाठीं शिसव निवडतो, नेमका तोच गुण मांडणी करणारास नको असतो; आणि तरी तो तिच्यासाठीं पिशवी मोकळी करितो! सुताराकडे गेल्यावर बोटाच्या पेरानें फळी ठोकून पाहावी. 'टण्ण' असा सूर निघाला, तर ती फळी वाद्याच्या कामाची. भुसा दाबून केलेला एमडीएफचा तक्ता दिसावयास दरिद्री खरा, पण ठोकला असतां 'धप्प' म्हणून गप्प बसतो. स्पीकरच्या पेट्या करणारे बहुतेक कारखाने तोच घेतात, तें केवळ स्वस्ताईसाठीं नव्हे.

बरें, वजनच पाहिजे असेल तर त्याचा हिशेब करूं. ५० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४ जाड अशी सागवानी फळी सुमारें ५ किलो भरते, शिसवी पावणेसात, आणि ईपेची साडेआठच्या आंतबाहेर. समुद्रापलीकडून लांकूड आणून मिळविलें तें तीन-साडेतीन किलो. याच मापाची, पण निम्म्याच जाडीची कडप्प्याची फरशी दहा किलोंवर जाते, आणि ती गल्लींतल्या फरशीवाल्याकडे पडलेली असते. दगडही ठोकला तर वाजतो, हें खरें. त्यावर उपाय आहे: फरशीखालीं सायकलची ट्यूब अगदीं थोडी हवा भरून ठेवावी. जड फरशी आणि मऊ हवा यांची जोडी जमली, म्हणजे खालचा कंप वर चढत नाहीं. शोभा नाहीं, हें आम्ही कबूल करितों.

जमिनीचाही विचार हवा. तळमजल्यावर फरसबंदीला पावलांचा धक्का जाणवत नाहीं. लांकडी माडीवर तो जाणवणारच, मग मांडणी चंदनाची केली तरी. तेथें भिंतींत ब्रॅकेट बसवून यंत्र त्यावर ठेवावें.

या लांकडांच्या तेलकटपणामुळें सरस नीट धरत नाहीं, रंधा लवकर बोथट होतो, आणि शिसवीचा भुसा कित्येकांच्या कातडीस व श्वासास बाधतो. हीं सुताराचीं दुखणीं झालीं; पण तीं मजुरींत उतरतात.

याहून मोठी गोष्ट अरण्याची आहे. ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद आहे. २ जानेवारी २०१७ पासून आपल्या शिसवीसुद्धां त्या कुळांतील उरलेल्या सर्व वृक्षांचा देशोदेशींचा व्यापार परवान्याखालीं आला. २०१९ मध्यें तयार वाद्यांस सूट मिळाली. जड सामानसुमानास मिळाली नाहीं, आणि आम्हांस हा भेद न्याय्य वाटतो. सतारीची घोडी आणि यंत्राखालचें टेबल यांची गरज एक नव्हे. ईपेचा वृक्ष तर अरण्यांत विरळ असतो. एकेका झाडासाठीं दूरवर वाटा फोडाव्या लागतात. त्याचाही व्यापार २०२४ च्या नोव्हेंबरपासून तशाच नियमाखालीं आहे.

आम्हांस आलेल्या एका पत्रांतील प्रश्न याहून नाजूक आहे. जुना वाडा पाडला. त्यांतील शिसवी झोपाळ्याचा पाट नव्या घरांत टांगावयास तुळई नाहीं. तो कापून तबकडीयंत्राची तीन मजली मांडणी करावी, असा धाकट्या बंधूंचा विचार आहे. थोरल्या बंधूंनीं त्यांच्याशीं बोलणेंच टाकलें आहे. कारण त्या पाटावर वडील रोज संध्याकाळीं बसत.

धाकट्यांस आमचें सांगणें असें कीं, कापण्यांत तुमचेंच नुकसान आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड असा अखंड पाट पस्तीस किलोंच्या घरांत जातो, आणि इतक्या पावसाळ्यांनंतर तो आतां वांकावयाचा नाहीं. त्याचे तीन तुकडे केले कीं वजन वांटलें जातें आणि प्रत्येक तुकडा चढ्या सुरांत वाजतो. मारिंबाच्या आखूड पट्ट्यांचेंही असेंच असतें. थोरल्यांस विनंति इतकीच कीं, अडगळींत भिंतीला टेकवून ठेवलेला पाट कोणाचें स्मरण देत नाहीं. तो दिवाणखान्यांत येऊं द्यावा. भिंतीलगत विटांचे दोन बुटके ओटे बांधावे, त्यांवर जाड नमदा घालावा आणि पाट अखंड ठेवावा. यंत्र व तबकड्या ठेवूनही एका बाजूस बसण्यापुरती जागा उरेल. मात्र गाणें चालू असतां तेथें कोणी बसूं नये, थोरल्यांनींसुद्धां. आणि कड्यांचीं चार भोकें बुजवूं नयेत. यंत्राच्या तारा त्यांतून खालीं सोडतां येतील.