केस गेले, नखे गेली. माहिती कुणाकडे गेली?

शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावे जानेवारी 2025 पूर्वी जिल्ह्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. त्या महिन्यात ती देशभरच्या वाहिन्यांवर झळकली. आधी डोक्याला खाज, मग हातात येणारे केस आणि तीन-चार दिवसांत टक्कल! बाया, पुरुष, लेकरे कुणी सुटले नाही. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्यातील नायट्रेटला, कुणी बुरशीला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. गावाने रक्त दिले, लघवी दिली, केस दिले, पाणी दिले. गरिबाकडे जे काही होते ते त्याने तपासायला दिले.

फेब्रुवारी 2025 मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपले निष्कर्ष मांडले. 18 गावांतील 279 लोकांना हा त्रास झाला, त्यांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण कित्येक पटीने वाढलेले होते, झिंक कमी झाले होते, आणि या सेलेनियमचे मूळ रेशनच्या गव्हात आहे, असे त्यांचे म्हणणे. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला. एप्रिलमध्ये याच भागातील लोकांची नखे गळू लागली.

आमचा प्रश्न साधा आहे. ज्यांनी रक्त दिले, त्यांच्यापैकी किती जणांच्या हातात त्यांच्याच रक्ताचा अहवाल लेखी पडला? तुझ्या अंगात अमुक इतके विष सापडले, अमुक महिने अमुक खाऊ नको, पुन्हा अमुक तारखेला तपासणीला ये, असे मराठीत लिहिलेला कागद किती घरांत पोचला? माहिती गावातून वर गेली. वरून खाली काय आले?

हा प्रश्न आज विचारण्याला कारण आहे. आरोग्याच्या सगळ्या नोंदी संगणकावर आणण्याचा मोठा गाजावाजा चालू आहे. 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झाले. प्रत्येकाला 14 आकडी 'आभा' क्रमांक, एका दवाखान्यातील नोंद दुसऱ्या दवाखान्यात दिसणार, रुग्णाला फायलींचे ओझे वाहावे लागणार नाही, असे सांगितले जाते. जून 2024 मध्ये बुलडाण्याचेच खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाले. तेव्हा या योजनेची परीक्षा बुलडाण्यातच घ्यावी, यात गैर काय?

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. उलट आमच्या माणसाला त्याची गरज सर्वांत जास्त आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पाहा. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत खारे पाणी पिऊन लोकांचे आयुष्य गेले, आणि मूत्रपिंडाच्या आजाराने घरेच्या घरे पोखरली. हा आजार एका दिवसात कळत नाही. रक्तातील क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वी किती होते, सहा महिन्यांपूर्वी किती, आज किती, हे ओळीने पाहिले तरच डॉक्टरला दिशा कळते. पण आमचा मजूर कामासाठी सुरतेला जातो, पुण्याला जातो. त्याचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात; अर्धे पावसात भिजतात, अर्धे स्थलांतरात हरवतात. कंबर दुखते म्हणून तो नव्या गावातील डॉक्टरकडे जातो. मूत्रपिंड अधू आहे हे त्या डॉक्टरला ठाऊक नसते. तो वेदनाशामक गोळी लिहून देतो, आणि तीच गोळी उरलेले मूत्रपिंड खाते. एक जुनी नोंद त्या डॉक्टरच्या समोर असती, तर हा माणूस डायलिसिसपर्यंत इतक्या लवकर पोचला नसता. नोंदीचे मोल हे आहे.

मग शेगावात संगणक नव्हता काय? होता. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्राला ठाऊक आहे की कोणत्या कार्डावर कोणत्या महिन्यात किती गहू उचलला गेला. अंगठा उमटला नाही तर हेच यंत्र विधवेला रिकाम्या हाताने परत पाठवते. इतके ते कडक! आरोग्य खात्याकडे केस गळालेल्यांची यादी होती. कुठल्या घरांनी कुठल्या महिन्यात गहू नेला आणि त्यातील कुठल्या घरांत केस गेले, या दोन याद्या शेजारी ठेवल्या की संशयाची दिशा तपासता येते. शाम्पूवर आणि बुरशीवर वेळ घालवावा लागत नाही. गरिबाला अडवण्यासाठी यंत्रे तत्पर असतात. त्याचा जीव वाचवण्याची वेळ आली की एक खाते दुसऱ्या खात्याशी बोलत नाही!

पण याद्या जोडण्यात धोकाही आहे, आणि तो आमच्या समाजाने नीट ओळखला पाहिजे. गरोदर बाईच्या सरकारी नोंदीत तिचा जातीचा प्रवर्ग लिहिला जातो, कारण महाराष्ट्रात जननी सुरक्षा योजनेचा लाभ अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मातांसाठी आहे. लाभासाठी जात सांगावी लागते, ठीक. पण जात, आजार आणि पत्ता हे तिन्ही एका पडद्यावर आले, आणि तो पडदा कुणीही पाहू लागला, तर काय होईल हे आम्हाला कुणी शिकवायला नको. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात यांची कुजबूज वस्तीत पसरली की सोयरीक मोडते, काम जाते.

कायदा काय म्हणतो? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2011 च्या नियमांत वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहिती म्हणून वेगळ्या नमूद होत्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने असा वेगळा दर्जा ठेवलाच नाही. त्याच कायद्याने माहिती अधिकारातील कलम 8(1)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये हा बदल अमलात आला. 'वैयक्तिक माहिती' म्हटले की नकार देणे अधिकाऱ्याला आता सोपे झाले आहे. म्हणजे रुग्णाचे कवच पातळ आणि सरकारचे जाड. व्हायला हवे होते याच्या नेमके उलटे. रुग्णाचे नाव झाकलेले असावे आणि गावाचे आकडे उघडे असावेत. कोणत्या तालुक्यात अनुसूचित जातीच्या किती माता बाळंतपणात दगावल्या, खारपाणपट्ट्यात किती जण डायलिसिसवर आहेत, हे आकडे नावे गाळून ग्रामसभेच्या फळ्यावर लागले पाहिजेत.

कागदही मरता कामा नये. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातील एका मोठ्या रुग्णालयाचे काम कित्येक दिवस हाताने लिहून चालवावे लागले. तिथे हे होते, तर वीज जाणाऱ्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शेगाव तालुक्यात नमुने देणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अहवाल मराठीत, लेखी मिळावा. तपासणीचे सगळे निष्कर्ष त्या गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत. रेशनच्या धान्याच्या तपासणीचे आकडे दुकानाबाहेर लावावेत. 'आभा' क्रमांक ऐच्छिक आहे, हे प्रत्येक दवाखान्यात मोठ्या अक्षरांत लिहावे. क्रमांक नाही म्हणून कुणाला परत पाठवू नये.

कार्यकर्त्यांनी मागण्यांवर थांबू नये. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. हा नियम किती वस्त्यांत ठाऊक आहे? विहारात, समाजमंदिरात तो वाचून दाखवा. अर्ज लिहायला शिकवा, पोच घ्यायला शिकवा. शेगावच्या अनेकांचे केस पुन्हा उगवले. अहवाल मात्र आपोआप उगवत नसतो. तो मागावा लागतो, आणि दिला नाही तर भांडून घ्यावा लागतो.