कायमचा पत्ता

घर सोडून पळणाऱ्या पोराला आमच्या कुर्डुवाडीइतकं सोयीचं गाव नाही. जंक्शनच ते! एकीकडे पंढरपूर-मिरज, दुसरीकडे बार्शी-लातूर, आणि रात्री सिद्धेश्वरच्या जनरल डब्यात शिरलं की सकाळी मुंबई.

त्यातला जो १८ च्या आतला, त्याच्यासाठी निदान काहीतरी सिस्टिम आहे. १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. प्लॅटफॉर्मवर आरपीएफवाले विचारपूस करतात. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सापडलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावंच लागतं. पण एकोणीस-वीस वर्षांचा? म्हणजे मित्रांनो, तुमच्या-माझ्या वयाचा? त्याला कोणी विचारत नाही. विचारलंच तर काठीने.

मग तो शहरभर फिरतो. लोक म्हणतात, यांना कामाची सवय नाही, नुसते भटकतात. मला हे अजिबात पटत नाही. लग्नसराईत केटररकडे वाढपी, सीझन संपला की मार्केटात हमाली. जिथे काम तिथेच झोप. शेवटची लोकल गेली की स्टेशनबाहेर, पहिली लोकल येईपर्यंत फूटपाथ, पावसाळ्यात पुलाखाली. चार दिवस एका जागी टिकला की हाकलतात, आणि वर म्हणायचं की हा टिकत नाही! पत्ता नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून पैसे चोरीला जातात, पैसे गेले म्हणून खोलीचं डिपॉझिट नाही, म्हणून पत्ता नाही. (फीडबॅक लूपचं इतकं चोख उदाहरण आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या पुस्तकातही नसेल.) त्यात १९५९ चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा. उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि रस्त्यावर वावरतोय, एवढ्यावरूनही माणूस भिकारी ठरू शकतो.

सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच मोठ्या शहरांना सांगितलं होतं, दर १ लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४ निवारे. मुंबईने तो आकडा गाठलेला नाही. माझ्या मते ते स्टेशनांजवळच हवेत, सामानाला कुलूप हवं, आणि तिथला पत्ता बँकेने मान्य करायला हवा. नुसतं छप्पर देऊन काय उपयोग?

बालगृहात वाढलेल्यांना तरी २१ पर्यंत अनुरक्षणाची मदत मिळू शकते. त्यातला एखादा उद्या इंजिनिअरिंगला येईलही. आपल्या हॉस्टेलच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' हा रकाना भरल्याशिवाय रूम मिळत नाही. त्याने तिथे काय लिहायचं, हे रेक्टर सरांनी ॲडमिशनच्या आधीच ठरवून ठेवावं, एवढी विनंती.