विद्यापीठाची ‘मोकळी’ जागा खरंच मोकळी असते का? कर्वेनगर ते गणेशखिंड, समजून घ्या

पावसाळा सुरू झाला की महाविद्यालयांच्या आवारात वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. रोपे लागतात, फोटो निघतात आणि वार्षिक अहवालात आकडा जातो. पण विद्यापीठाने निसर्ग राखणे म्हणजे एवढेच का? महिला विद्यापीठाची सुरुवात जिथे झाली ते पुण्यातील कर्वेनगर, जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळालेले गणेशखिंड उद्यान आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ या उदाहरणांतून विद्यापीठे काय करू शकतात आणि कुठे कमी पडतात, याचा हा आढावा.

कर्वेनगरचा याच्याशी संबंध काय?

आजचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला आश्रम १९०० मध्ये इथल्या माळावर एका झोपडीत आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी सहा एकर जमीन दिली होती. याच हिंगण्यात १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. पुढे त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले आणि १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला गेले. कर्वे यांची संस्था मात्र इथेच वाढली. तिचे कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून इथे आहे.

त्या काळी हे गावाबाहेरचे माळरान होते. आता एका बाजूला मुठा नदी, दुसऱ्या बाजूला कोथरूड आणि मध्ये इमारतींची दाटी आहे. पुण्यातील अनेक शिक्षणसंस्थांची गोष्ट अशीच आहे. शहराबाहेर मिळालेली जमीन हळूहळू शहराच्या मध्यात आली. फर्ग्युसन आणि विधी महाविद्यालयामागच्या टेकड्या किंवा गणेशखिंडीतील विद्यापीठाचे आवार घ्या. शहरात न बांधलेली जमीन जिथे उरली आहे, त्यातील मोठा भाग शिक्षणसंस्थांच्या आवारात किंवा त्यांना लागून आहे. त्यामुळे या जमिनीचे काय होणार, हा प्रश्न संस्थेपुरता राहत नाही.

ही जमीन शहरासाठी नेमके काय करते?

साधा हिशेब पाहू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार ४११ एकरांचे, म्हणजे सुमारे १६६ हेक्टरांचे आहे. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका हेक्टरवर पाच लाख लिटर पाणी पडते. या हिशेबाने संपूर्ण आवारावर सुमारे आठ कोटी ३० लाख लिटर पाणी पडेल. त्यातील किती जमिनीत मुरणार आणि किती रस्त्यावर येणार, हे जमिनीवर माती, गवत आणि झाडे आहेत की डांबर आणि काँक्रीट, यावर बरेच अवलंबून असते.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. २५ जुलै २०२४ रोजी कर्वेनगरच्या पलीकडच्या तीरावर, सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत पाणी शिरले, तेव्हा खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सुरू होता. तसा पूर एखाद्या कॅम्पसमधील हिरवळीने थांबणार नाही. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आला तसा, अचानक कोसळलेल्या पावसाचा पूर वेगळा असतो. तिथे ओढ्याच्या पाणलोटातील प्रत्येक उघडी जमीन कामी येते. टेकडीच्या उतारावर किंवा ओढ्याकाठी असलेल्या आवारांची जबाबदारी म्हणूनच जास्त आहे.

झाडे लावली की परिसंस्था सुधारली, असे म्हणता येईल का?

नेहमीच नाही. पुण्याच्या टेकड्या मुळात घनदाट जंगलाच्या नाहीत. गवताळ उतार, त्यात विखुरलेली सालई, मेडशिंग, मोई, हिवर, पळस अशी झाडे आणि पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांपुरत्या उगवणाऱ्या रानवनस्पती, असे त्यांचे रूप आहे. उन्हाळ्यात हा उतार पिवळा, भकास दिसतो. त्यामुळे तो ‘पडीक’ समजून तिथे पटकन वाढणारी झाडे लावली गेली. पुण्यातील टेकड्यांवर ग्लिरिसिडिया म्हणजे गिरिपुष्पाची लागवड याच विचारातून झाली. हिरवा रंग वाढला, पण दाट सावलीखाली गवत मागे हटले. गवतात घरटी करणाऱ्या पक्ष्यांची आणि गवतावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्यांची जागाही त्याबरोबर गेली.

कर्वेनगरला लागून असलेल्या वारजे येथील नागरी वनाचे आकडे या दृष्टीने पाहता येतात. वन विभागाच्या १६.८ हेक्टर उजाड जमिनीवर लोकसहभागातून हे वन उभे राहिले. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशात २०० नगर वने उभारण्याची योजना जाहीर केली, तेव्हा वारज्याचे उदाहरण दिले होते. त्या वेळच्या सरकारी माहितीनुसार तिथे ६५ हजारांहून अधिक झाडे, पाच तळी, वनस्पतींच्या २३ जाती, पक्ष्यांच्या २९ आणि फुलपाखरांच्या १५ जाती होत्या. उजाड जमिनीवर हे यश मोठेच आहे. मात्र ६५ हजार झाडे आणि वनस्पतींच्या २३ जाती हे दोन आकडे शेजारी ठेवले, की झाडांची संख्या आणि विविधता या वेगळ्या गोष्टी आहेत हे कळते. मुळात चांगला असलेला गवताळ उतार खणून तिथे रोपे लावली, तर फायद्याऐवजी तोटाच होऊ शकतो.

गणेशखिंड उद्यानाला मिळालेला दर्जा काय आहे?

गणेशखिंड उद्यानाची स्थापना १८७३ मध्ये झाली. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. २०२० मध्ये राज्य सरकारने त्यातील ३३.०१ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. ऐन शहरात असलेल्या आणि एका विद्यापीठाकडे असलेल्या जमिनीला असा दर्जा मिळणे ही वेगळी गोष्ट आहे.

जैविक विविधता कायदा, २००२ मधील कलम ३७ नुसार राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांशी विचारविनिमय करून असे स्थळ जाहीर करते आणि त्याच्या व्यवस्थापनासाठी नियम करू शकते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ही जमीन कागदावर फक्त ‘उपलब्ध क्षेत्र’ राहत नाही. तिचे मूल्य सरकारने लेखी मान्य केलेले असते. कुलगुरू, संचालक किंवा आयुक्त बदलले तरी ती नोंद राहते. बाकीच्या आवारांना असे कवच नाही. तिथे नवे वसतिगृह, वाहनतळ किंवा रस्ता आला, की आधी नजर जाते ती मोकळ्या जागेवर.

कोल्हापूरने काय वेगळे केले?

शिवाजी विद्यापीठाचे आवार ८५३ एकरांचे आहे. तिथे पावसाचे पाणी तलाव आणि विहिरींमध्ये साठवून विद्यापीठाची पाण्याची गरज भागवण्यावर भर दिला गेला. दुसरे काम विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात झाले. सह्याद्रीत मोजक्याच ठिकाणी आढळणाऱ्या कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सिरोपेजियाच्या अनेक जाती धोक्यात आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जाती शोधल्या, उद्यानात वाढवल्या आणि त्यांची रोपे पुन्हा निसर्गात लावण्याचे प्रयत्न केले.

हे काम एखादी महापालिका किंवा स्वयंसेवी संस्था सहज करू शकत नाही. त्यासाठी जात ओळखणारा तज्ज्ञ, प्रयोगशाळा, रोपवाटिका आणि दहा-वीस वर्षे टिकणारी जागा एकत्र लागते. विद्यापीठाकडे हे सगळे असते.

विद्यार्थ्यांच्या पर्यावरण प्रकल्पांचे काय होते?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्याच्या शेवटच्या घटकात जवळची नदी, टेकडी किंवा गवताळ प्रदेश पाहून तिथल्या वनस्पती, कीटक आणि पक्ष्यांची नोंद करणे अपेक्षित होते. त्यासाठी पाच तासिकांएवढे क्षेत्रकार्य ठरवलेले होते. म्हणजे पदवीच्या वर्गांतून दरवर्षी अशा नोंदी होण्याची सोय होती. मात्र त्या एका ठिकाणी, एका पद्धतीने साठवून पुढच्या वर्षीच्या नोंदींशी ताडून पाहण्याची सोय अभ्यासक्रमात नव्हती. प्रकल्प जमा झाला, गुण मिळाले की विषय संपतो.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनमधील आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे १९४२ पासून विथम वुड्स हे जंगल आहे. तिथे ‘ग्रेट टिट’ या छोट्या पक्ष्याच्या घरट्यांच्या नोंदी १९४७ पासून दरवर्षी ठेवल्या जातात. वसंत ऋतू लवकर सुरू होऊ लागला तसे पक्षीही आधी अंडी घालू लागले, हे त्यातून दिसले. हवामान बदलाचा परिणाम सांगणारा हा पुरावा मिळाला, तो एकाच जागेच्या नोंदी दशकानुदशके न चुकता ठेवल्यामुळे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण मोजमापाची आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनात हरित आवाराला गुण आहेत. यूजीसीने २०२० मध्ये पर्यावरणपूरक आवारांसाठी ‘सतत’ नावाचा आराखडा दिला. जागतिक पातळीवर ‘टाइम्स हायर एज्युकेशन’ २०१९ पासून शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार विद्यापीठांची क्रमवारी लावते. त्यात जमिनीवरील जीवसृष्टी हाही निकष आहे. याने विषयाला महत्त्व मिळाले. पण धोरण, उपक्रम आणि कार्यक्रम यांची कागदपत्रे जोडणे सोपे असते. ‘पाच वर्षांत आवारातील किती जाती टिकल्या’ याचे उत्तर देणे अवघड असते.

दुसरी अडचण हितसंबंधांची. निसर्ग राखणारे आणि इमारत बांधणारे विद्यापीठ एकच असते. विद्यार्थी वाढतात, अभ्यासक्रम वाढतात, जागा लागते. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ मानले. एखादे झाड तोडले तर त्याच्या वयाएवढी झाडे लावण्याची अटही घातली. नियम चांगला आहे. तरी ८० वर्षांच्या वडाची ढोली, त्यावरचे पक्षी आणि त्याखालची माती ८० रोपांतून लगेच परत येत नाही. शिवाय हा नियम झाडांचा आहे. गवताला, ओढ्याला किंवा खडकावरच्या रानफुलांना त्यातून संरक्षण मिळत नाही.

कर्वेनगरसारख्या भागातील महाविद्यालयांना काय करता येईल?

प्रत्येकाकडे ४०० एकर नसतात. बहुतेक विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांच्या छोट्या आवारांत शिकतात. त्यांनाही पुढील गोष्टी शक्य आहेत:

१. आवाराचा नकाशा करून जुनी झाडे, उताराचे पाणी जाण्याच्या वाटा आणि न खणायची जमीन त्यावर नोंदवणे. नव्या बांधकामाचा आराखडा त्यानंतर करणे.

२. रोपे लावण्याआधी जागा कोणती आहे ते पाहणे. नदीकाठी करंज, उंबर, वाळुंज. टेकडीच्या उतारावर स्थानिक झाडे आणि गवत. जिथे गवत चांगले आहे, तिथे काहीच न लावणे.

३. मुठेचा एक ठरावीक टप्पा दत्तक घेऊन दर महिन्याला त्याच ठिकाणी पाण्यातील प्राणवायू, मासे, पक्षी आणि काठावरच्या वनस्पतींची नोंद करणे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्यासाठी स्वस्त सेन्सर बनवू शकतात.

४. दर फेब्रुवारीत होणाऱ्या कॅम्पस पक्षीगणनेत सहभागी होऊन नोंदी ‘ई-बर्ड’वर टाकणे, म्हणजे त्या सर्वांना पाहता येतील.

५. कायद्यानुसार तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला ही माहिती देणे.

यातील बहुतेक कामांना मोठा निधी लागत नाही. लागते ती कामाची जबाबदारी एका विभागावर कायमची सोपवण्याची तयारी. विद्यार्थ्यांची तुकडी तीन-चार वर्षांत बाहेर पडते आणि पदाधिकारीही बदलतात. नकाशा आणि नोंदवही मात्र टिकते. एखाद्या मोकळ्या तुकड्यावर इमारतीचा प्रस्ताव येईल, तेव्हा ‘इथे काहीच नाही’ या वाक्याला उत्तर द्यायला ती नोंदवहीच उपयोगी पडेल.