चिनाराचे एक पान

गेल्या कार्तिकात श्रीनगरच्या मुक्कामी एक संपूर्ण दिवस आम्ही उभयतांनी केवळ पानगळीचे रंग टिपण्यासाठी राखून ठेवला होता. आणि आसफखान वजिराने १६३३ साली दल सरोवराच्या पूर्व तीरावर वसविलेल्या निशात बागेत पाऊल ठेवताच तो अपुरा पडणार, हे कळून चुकले. जबरवान पर्वताच्या पायथ्यापासून टप्प्याटप्प्याने उतरणाऱ्या त्या बागेत, तिसऱ्या प्रहरी वरच्या अंगास उभे राहून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे कलता सूर्य चिनारांच्या पाठीमागे येतो, आणि पान अन् पान आतून पेटल्यासारखे दिसते. मी भिंगे बदलण्यात गुंतलो असता, “अहो, ते राहू द्या, आधी हे पाहा,” असे म्हणून पत्नीने तळहातावरचे एक पान पुढे केले : कडा तांब्याच्या, मध्यभाग हळदीचा, शिरांलगत मात्र हिरवा अजून रेंगाळलेला. हरितद्रव्य ओसरले की पानात मुळातच असलेला पिवळा वर्ण प्रकट होतो, हे शास्त्र मला ठाऊक होते. पाहिले ते त्या दिवशी. परतताना बागेबाहेर एक वृद्धा तीच पाने पोत्यात भरीत होती; ती जाळून केलेला कोळसा हिवाळ्यात कांगडीत घालतात. या अंकाच्या मुखपृष्ठावर छापलेले चित्र त्या पोत्याचे आहे.